पत्र्याची पेटी निवडताना: आजोबांचे कानमंत्र

पोरी, पॉवर सप्लायचं सर्किट तू ब्रेडबोर्डवरून उचलून पीसीबीवर आणलंस, लोड लावून तासभर चालवून पाहिलंस, व्होल्टेज हललं नाही. आता म्हणतेस, "आजोबा, याला एखादा छानसा मेटलचा डबा बघू या." त्यातलं 'एखादा छानसा' आधी सोडून दे. धातूची पेटी हा तुझ्या सर्किटमधला सगळ्यात मोठा पार्ट आहे. ट्रान्झिस्टर घेताना डेटाशीट वाचतेस ना, तितक्याच बारकाईनं पेटी बघायची. तिच्याकडे तीन कामं असतात: हात लावणाऱ्याला २३० व्होल्टपासून वाचवणं, आतली उष्णता बाहेर काढणं आणि बाहेरची विजेची गडबड आत, आतली बाहेर जाऊ न देणं. यातलं एकही काम पेटी नुसत्या धातूची आहे म्हणून होत नाही. ती नीट निवडावी लागते आणि नीट जोडावी लागते.

कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये जुन्या फिटर-मेकॅनिक मंडळींनी हातात कानस देऊन जे शिकवलं, त्यात पुढे वाचून-मोजून जी भर पडली, ते सगळं तुला एकेक करून सांगतो.

१. धातू हवाच आहे का, हे आधी विचार

वाय-फाय, ब्लूटूथ, जीपीएस यांतलं काही आत असेल तर बंद धातूची पेटी त्याचा गळा आवळते. मायकल फॅरडेने १८३६ मध्ये धातूचा वर्ख लावलेली खोली बांधून दाखवून दिलं, की बाहेर विजेचा कितीही खेळ चालू असला तरी आत त्याचा पत्ता लागत नाही. तोच नियम ईएसपी३२सारख्या वाय-फायच्या बोर्डालाही लागतो. बोर्डवरचा तो नागमोडी अँटेना पेटीत बंद केलास की शेजारच्या खोलीतला राउटरही त्याला सापडायचा नाही. मग एक तर प्लॅस्टिकची पेटी घे, नाही तर बाहेरचा अँटेना जोडता येईल असं मॉड्यूल घेऊन त्याचा एसएमए सॉकेट पेटीच्या भिंतीवर आण. फेराइट रॉडचा रेडिओ, होकायंत्राचा सेन्सर, बोटाच्या स्पर्शावर चालणारं बटण, यांनाही धातूचं वावडं.

उलट पॉवर सप्लाय, ऑडिओ प्रीअँप, गिटारचा पेडल, मोजमापाची उपकरणं, एचएफ रेडिओ यांना धातूचीच पेटी शोभते. तुझा सप्लाय याच गटातला, म्हणून पुढचं सगळं लागू.

२. मेन्स पेटीत आणायचं की उंबऱ्याबाहेर ठेवायचं, ते ठरव

पहिलाच प्रकल्प असेल आणि १२ किंवा २४ व्होल्टवर भागत असेल, तर बीआयएसचा नोंदणी क्रमांक छापलेला तयार अडॅप्टर घ्यावा. २३० व्होल्ट पेटीत येतच नाहीत, निम्मी काळजी तिथेच मिटते.

मात्र एक लक्षात ठेव. दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या पेटीला ओला हात लागला की कधी कधी बारीक झिणझिण्या येतात. अडॅप्टरच्या आत मेन्स आणि आउटपुट यांच्यामध्ये गडबड दाबण्यासाठी एक छोटा सुरक्षा-कपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडा प्रवाह झिरपतो आणि अर्थ नसलेली पेटी अधांतरी तरंगत राहते. अडॅप्टर चांगला असेल तर त्याने इजा होत नाही, पण प्रीअँपमध्ये हीच झिरप गुणगुण बनून ऐकू येते. पेटीला अर्थ दिला की दोन्ही तक्रारी बहुधा जातात.

तुला ट्रान्सफॉर्मर आतच बसवायचाय. मग सहावा मंत्र दोनदा वाच.

३. धातू नावावरून नको, कामावरून निवड

अ‍ॅल्युमिनियम हलकं. घनता २.७, तर लोखंडी पत्र्याची ७.८५. उष्णता वाहून नेण्यात ते साध्या पोलादाच्या चौपट. कानशीनं, ड्रिलनं मुकाट्यानं ऐकतं. घरच्या घरी भोकं पाडायची असतील तर हेच घे. ओतीव, म्हणजे डायकास्ट पेट्या मजबूत असतात आणि झाकण घट्ट बसतं. गिटार पेडलवाल्यांची आवडती ११२ बाय ६० बाय ३१ मिलिमीटरची छोटी पेटी याच जातीची. पण तिच्या भिंती आत तिरक्या असतात आणि चारही कोपऱ्यांत स्क्रूसाठी खांब असतात. बाहेरून मोजलेलं माप आत मिळत नाही.

एम.एस., म्हणजे साधं पोलाद. बाजारात याला सीआरसीए पत्रा म्हणतात. जड, स्वस्त, ताठ. ट्रान्सफॉर्मरचं वजन पेलायला आणि चुंबकीय गडबड थोपवायला बरं. पण रंग नसेल तर गंजतं. जी.आय. पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तो गंज लांबवतो, मात्र कापलेल्या कडेला पोलाद उघडं पडतं.

स्टेनलेस स्टील बघून हुरळून जाऊ नकोस. स्वयंपाकघरातला चकचकीत डबा हातात येतो आणि वाटतं, यापरतं चांगलं काय? दिसतं तसं नसतं. त्याची उष्णता वाहण्याची क्षमता अ‍ॅल्युमिनियमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. डब्याचं स्टील बहुधा चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे चुंबकीय आडोसाही नाही. ड्रिल नुसतं फिरत राहिलं तर ती जागा आणखी कडक होते आणि बिट जळतो. नेहमीच्या फ्लक्सनं कथील धरत नाही. त्याचा एकच मोठा गुण, तो खाऱ्या हवेत टिकतो. रत्नागिरी-मालवणला उघड्यावर काही बसवायचं असेल तेव्हा त्याची आठवण काढ.

आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा? कथलाचा थर दिलेला पातळ पत्रा असतो तो. वजन पेलत नाही, मेन्सला तर अजिबात चालत नाही. पण रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या छोट्या सर्किटला तो सोन्यासारखा, कारण त्याला थेट सोल्डर करता येतं. आत मधली भिंत उभी करायची, ग्राउंड जागच्या जागी जोडायचा, सगळं सोल्डरगननं. हॅम रेडिओवाले तर कॉपर-क्लॅड बोर्डाचे तुकडे कडेकडेनं सोल्डर करून पेट्या बनवतात.

४. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो

दुकानात हा घोळ नेहमी होतो. १६ गेज सुमारे १.६ मिलिमीटर, १८ गेज १.२, २० गेज ०.९ आणि २२ गेज ०.७. म्हणून गेज विचारलास तरी खात्री मिलिमीटरमध्येच कर आणि व्हर्नियर खिशात ठेव.

हाताएवढ्या पेटीला १ मिलिमीटर पोलाद किंवा १.५ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम पुरतं. ट्रान्सफॉर्मर बसणार असेल तर तळ १.२ ते १.६ पोलादाचा किंवा २ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा हवा. पुढच्या पॅनेलवर अंगठ्यानं दाबून बघ. पत्रा आत दबून टक्‌ आवाज करून परत येत असेल तर स्विच दाबताना तो रोज तसाच करणार.

पातळ पत्र्यात आटे पाडून स्क्रू धरेल ही आशा ठेवू नकोस. एम-३ स्क्रूचे आटे अर्ध्या मिलिमीटरला एक, म्हणजे १ मिलिमीटर पत्र्यात जेमतेम दोन आटे सापडतात. चारदा झाकण उघडलं की ते गुळगुळीत. तिथे मागून नट लाव, नाही तर रिव्हेट नट बसवून घे.

५. आधी आतला संसार मांड, मग घर शोध

पेटी आधी आणून मग सर्किट कोंबणं म्हणजे आधी कळस मग पाया. आलेख-कागदावर प्रत्येक वस्तूचं खरं माप काढून तुकडे काप: पीसीबी, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, मीटर, मेन्सचा सॉकेट, फ्यूज होल्डर. ते टेबलावर मांडून हलवून बघ. मेन्स एका टोकाला, नाजूक सिग्नल दुसऱ्या टोकाला, गरम होणारं मागच्या भिंतीला. मांडणी पटली की जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्याची तशीच पेटी करून त्यात खरे पार्ट ठेव. तास जातो, पण पैसे वाचतात.

लोक विसरतात त्या जागा सांगतो. पीसीबीखालचा स्पेसर ६ ते १० मिलिमीटर खातो. पोटेन्शिओमीटरचं पोट पॅनेलमागे दीड-दोन सेंटिमीटर येतं. कनेक्टरला वायर वळायला जागा लागते. मेन्सच्या सॉकेटमागे लग आणि त्यावरची स्लीव्ह. एवढं धरून वर उंचीत एक-दोन सेंटिमीटर मोकळे ठेव. दुरुस्तीला सोल्डरगनचं टोक आत शिरलं पाहिजे.

पीसीबी अजून बनवायचा असेल तर उलटा हिशेब सोयीचा. बाजारात १०० बाय १६० मिलिमीटरच्या युरोकार्ड मापासाठी आतून खाचा असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या मिळतात. बोर्ड तेवढाच रुंद काढायचा आणि सरकवून बसवायचा, स्पेसरच नको.

६. अर्थचा बोल्ट एकटा राहू दे

हा मंत्र पाठ कर. मेन्सची फेज वायर कधी ना कधी सुटू शकते: सोल्डर तुटतं, इन्सुलेशन कापलं जातं. ती सुटून अर्थ नसलेल्या पेटीला लागली, तर फ्यूज उडत नाही आणि पेटी २३० व्होल्टवर जिवंत होते. पेटी अर्थला पक्की जोडलेली असेल तर त्याच क्षणी मोठा प्रवाह अर्थमधून धावतो आणि फ्यूज उडतो. माणूस वाचतो तो असा.

जोडणी अशी कर. मेन्स सॉकेटच्या जवळ एम-४चा एक स्वतंत्र बोल्ट. तो फक्त अर्थसाठी. ट्रान्सफॉर्मरच्या किंवा झाकणाच्या बोल्टवर अर्थ कधी बांधायचा नाही, कारण उद्या कुणी ट्रान्सफॉर्मर काढेल आणि अर्थ लावायला विसरेल. बोल्टाभोवतीचा रंग किंवा अ‍ॅनोडायझिंग पॉलिश पेपरनं घासून लखलखीत धातू उघडा कर. रंग वीज अडवतो हे सगळ्यांना कळतं, पण अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमवरचा थरही तितकाच अडवतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मग रिंग लग, दात्यांचा वायसर, नट आणि वर आणखी एक नट. वायर हिरवी-पिवळीच.

केबल थेट आत येत असेल तर अर्थची वायर फेज-न्यूट्रलपेक्षा थोडी लांब ठेव. केबल ओढली गेली तर ती शेवटी तुटली पाहिजे. झाकण वेगळं आणि रंगवलेलं असेल तर त्याला वेगळी अर्थची वायर दे, स्क्रूच्या भरवशावर राहू नकोस.

तपासणी: प्लग काढलेला असताना त्याची अर्थ पिन आणि पेटीवरचा उघडा धातू यांच्यात रोध मोज. तो ०.१ ओमच्या आसपास किंवा कमी हवा. साध्या मल्टीमीटरच्या वायरीच ०.२-०.३ ओम दाखवतात, म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून तो आकडा वजा कर.

फ्यूज फेजमध्ये आणि पेटीतच. चाळीस व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भारावर जेमतेम ०.१७ अँपिअर घेतो. त्याला २५० ते ३१५ मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज पुरतो. भिंतीवरच्या एमसीबीला तुझ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची फिकीर नसते. तो जळून काळा झाला तरी एमसीबी पडेलच असं नाही.

एक गोष्ट पेटीबाहेरची. जुन्या वाड्यात, चाळीत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण अर्थची वायर मागे कुठेच गेलेली नसते. तुझ्या खोलीतलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तुझ्या बाबांना बसवायला सांग.

तुझ्या सप्लायच्या आउटपुटचे लाल-काळे टर्मिनल मात्र पेटीपासून वेगळे ठेवायचे, प्लॅस्टिकच्या बुशसकट. तिसरा हिरवा टर्मिनल पेटीला जोड. ज्याला निगेटिव्ह अर्थ करायचाय तो दोन टर्मिनल वायरनं जोडेल, ज्याला दोन सप्लाय एकावर एक लावायचेत तो मोकळा राहील.

७. उष्णतेचा हिशेब कागदावर कर

तुझ्या सर्किटमध्ये १८ व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन साधारण २४ व्होल्ट डीसी मिळतात. आउटपुट ५ व्होल्ट आणि १ अँपिअर घेतलास, तर उरलेले १९ व्होल्ट गुणिले १ अँपिअर, म्हणजे १९ वॅट रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन बसतात. ती उष्णता पेटीतून कुठे जाणार?

ढोबळ नियम असा, की रंगवलेल्या पेटीच्या मोकळ्या पृष्ठभागातून चौरस मीटरमागे, अंशामागे सुमारे १० वॅट निघून जातात. २० बाय १५ बाय ८ सेंटिमीटरची पेटी घे. तळ सोडला तर वरचं आणि चार बाजूंचं क्षेत्रफळ ०.०८६ चौरस मीटर. म्हणजे प्रत्येक अंशाला ०.८६ वॅट. १९ वॅटला पेटी खोलीपेक्षा सुमारे २२ अंशांनी तापणार. पुण्याच्या एप्रिलमधल्या ३८ अंशांच्या दुपारी पत्रा साठला पोचला आणि हात ठेववेना. आतला रेग्युलेटर त्याहून किती तरी गरम. नागपूर-चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत काय होईल, तो हिशेब तू कर. उत्तर एवढंच, की मागच्या भिंतीवर बाहेरून पंखांचा हीटसिंक हवा किंवा कमी व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप वापरायला हवा.

चकचकीत उघडं अ‍ॅल्युमिनियम थंड राहतं असं वाटतं, पण किरणांच्या रूपात उष्णता फेकण्यात ते फार कंजूष असतं. त्यालाच रंग दे किंवा अ‍ॅनोडाइज कर, ते कितीतरी पट अधिक फेकेल. घरात रंग काळा की पांढरा यानं फारसा फरक पडत नाही. उन्हात ठेवायची पेटी मात्र पांढरीच घे.

रेग्युलेटर पेटीला लावताना त्याची पाठ कशाला जोडलेली आहे ते बघ. ७८०५ची पाठ ग्राउंडला असते. एलएम३१७ची आउटपुटला. ७९०५ आणि एलएम३३७ यांची इनपुटला. २एन३०५५चं अख्खं अंग कलेक्टर. ७८०५ सोडला तर बाकीच्यांना, आणि तुझ्यासारखं आउटपुट पेटीपासून वेगळं ठेवायचं असेल तर ७८०५लाही, अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पॅड आणि स्क्रूला नायलॉनचा बुश लागतोच. बसवल्यावर पाठ आणि पेटी यांच्यात मल्टीमीटर वाजता कामा नये. वाजला तर भोकाच्या कडेला उरलेली धार, म्हणजे बर, पॅड फाडून गेली आहे, असं समज.

८. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम वेगळी गडबड अडवतात

पुढे तू याच हातांनी प्रीअँप बनवशील, तेव्हा हे लागेल. गुणगुण दोन वाटांनी येते. एक विद्युत क्षेत्रातून. ती अर्थ केलेला कुठलाही धातू अडवतो, पातळ असला तरी. दुसरी ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून, ५० हर्ट्झवर. ती अ‍ॅल्युमिनियमला जुमानत नाही. ५० हर्ट्झला अ‍ॅल्युमिनियममध्ये क्षेत्र विरायला सुमारे १२ मिलिमीटर खोली लागते आणि तुझा पत्रा दीड मिलिमीटर. १ मेगाहर्ट्झला मात्र हीच खोली मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी होते. म्हणून रेडिओला अ‍ॅल्युमिनियमची पेटी उत्तम आणि ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीला पोलाद बरं.

त्याहून बरं म्हणजे अंतर. ट्रान्सफॉर्मर लांब ठेव, शक्य तर वेगळ्या पोलादी पेटीत. पेटीत पक्का आवळण्याआधी तो जागच्या जागी थोडा फिरवून ऐक. एका कोनात गुणगुण सगळ्यात कमी होते, तिथे आवळ. फिरवताना दर वेळी प्लग काढलेला, ऐकताना झाकण लावलेलं आणि मेन्सची टोकं झाकलेली.

टोरॉइड ट्रान्सफॉर्मरचा क्षेत्रफैलाव कमी, पण त्याचा मधला बोल्ट धोक्याचा. तो खाली तळाला लागलेला असतोच. वरून झाकणालाही टेकला तर बोल्ट आणि पेटी मिळून एक बंद वेढा तयार होतो. शॉर्ट झालेला वेढा! त्यातून प्रचंड प्रवाह वाहतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. बोल्टाच्या डोक्यावर आणि झाकणात मोकळी फट ठेवलीच पाहिजे.

प्रीअँपचा सिग्नल ग्राउंड पेटीला एकाच जागी, इनपुट सॉकेटजवळ जोड. बाकीचे सॉकेट इन्सुलेटेड घे.

९. भोकं मोजून, पेटी रिकामी करून पाड

आखणी गुण्या लावून, कागदाचा नकाशा पेटीवर चिकटवून. पंचनं ठिपका, ३ मिलिमीटरचं पायलट, मग मोठं. टॉगल स्विचला साधारण ६.५ मिलिमीटर, पोटेन्शिओमीटरला ७ ते ७.५, पाव इंची ऑडिओ जॅकला ९.५ ते १०. पण पार्ट हातात असल्याशिवाय भोक पाडायचं नाही. पातळ पत्र्यात मोठं भोक साध्या बिटनं पाडलं तर ते तिकोनी होतं आणि पत्रा गरकन फिरून बोटं कापतो. पत्रा लाकडाच्या फळीवर क्लँप कर आणि स्टेप ड्रिल वापर. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेलचे दोन थेंब दिले की बिट चिकटत नाही. चष्मा घालायचाच.

दोन्ही बाजूंची बर कानशीनं काढ. जिथून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, मेन्स केबलला ग्लँड. आत सर्किट असताना कधी ड्रिल करू नकोस. अ‍ॅल्युमिनियमचा एक कीस दोन ट्रॅकमध्ये बसला की महिनाभर चूक सापडत नाही.

१०. जुनी पेटी घे, पण तिचा इतिहास विचारून

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर तयार कॅबिनेट मिळतं. पण कधी कधी नाकापेक्षा मोती जड, सर्किटपेक्षा पेटी महाग. तेव्हा जुनी उपकरणं बघ: बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर, सेट-टॉप बॉक्स, स्टॅबिलायझर. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी फेरी मारलीस तर हे सगळं दिसेल. कॉम्प्युटरच्या एटीएक्स सप्लायची पोलादी पेटी १५० बाय ८६ बाय १४० मिलिमीटरची. तिला पंखा, मेन्सचा सॉकेट आणि स्विच आयतेच असतात. तुझ्या कामाला चपखल.

मात्र ती उघडण्याआधी थांब. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट डीसीपर्यंत साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. मीटरनं मोजून, रोधातून रिकामा करून, मगच हात. आणि हे पहिल्यांदा करशील तेव्हा मी शेजारी असेन.

पत्रा बनवून घ्यायचा असेल तर भोसरीसारख्या औद्योगिक भागात छोटे फॅब्रिकेटर आहेत. त्यांच्याकडे तोंडी मापं घेऊन जाऊ नकोस. चित्रावर लिही: मापं आतली की बाहेरची, पत्र्याची जाडी, वाक कुठल्या बाजूला. भोकं वाकवण्याआधी आणि पावडर कोटिंगच्या आधी झाली पाहिजेत. कोटिंगचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा असतो, भोक दोन्ही बाजूंनी तेवढं आवळतं, म्हणून ०.२ मिलिमीटर जास्त धर. अर्थची जागा आणि आटे टेप लावून झाकायला सांग.

११. हवा आत येऊ दे, पाल नको

तळाला आणि मागच्या भिंतीच्या वरच्या कडेला भोकं दिलीस तर गरम हवा वर चढते आणि थंड हवा खालून येते. पण पेटी टेबलाला चिकटून बसली तर खालची भोकं फुकट, म्हणून १० मिलिमीटरचे रबरी पाय लाव. भोकं ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत, वरच्या झाकणावर तर नकोतच, वरून पाणी आणि स्क्रू पडतात. उबदार पेटी मुंग्या, झुरळं आणि पाली यांना फार आवडते. मोठी फट असेल तर आतून बारीक जाळी लाव.

बाहेर ठेवायच्या पेटीला आयपीचा आकडा बघ. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी६५ म्हणजे धूळबंद आणि पाण्याच्या फवाऱ्याला पुरेशी. पण तिला तू एक भोक पाडलंस आणि ग्लँड न लावता वायर घेतलीस की तो आकडा संपला. समुद्रकिनारी अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीला स्टेनलेसचे स्क्रू लावलेस तर खाऱ्या ओलाव्यात स्क्रूभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचे वायसर आणि थोडं ग्रीस ठेव. अर्थच्या बोल्टाला मात्र नायलॉन लावायचा नाही.

१२. चालू करण्याआधी पाच मिनिटं

पेटी उलटी करून हलव, आत काही खुळखुळलं तर उघड. अर्थचा रोध मोज. स्विच ऑन ठेवून, प्लग बाहेर असताना, फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून पेटीपर्यंत मल्टीमीटर उघडं सर्किट दाखवतो का बघ. मेन्सची प्रत्येक उघडी जागा हीट श्रिंकनं झाकलेली आणि बाकी धातूपासून किमान ८ मिलिमीटर दूर आहे का बघ. झाकणाचे सगळे स्क्रू लाव, दोन नव्हेत. पहिल्यांदा वीज देताना मेन्सच्या फेजमध्ये ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब सीरिजमध्ये लाव. तो क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे.

पेटीवर नाव, व्होल्टेज, फ्यूजचा आकडा आणि तारीख लिही. पाच वर्षांनी तूच उघडशील, तेव्हा तूच स्वतःला दुवा देशील.

यातलं सगळं एकदम जमलं नाही तरी चालेल. रंग उडालेला असो, लेबल वाकडं असो, पेटी भंगारातली असो. पण स्वतंत्र अर्थ, फेजमधला फ्यूज आणि घट्ट झाकण या तिन्हींतलं एक जरी राहिलं असेल, तर ती पेटी प्लगला लावायची नाही. कितीही घाई असली तरी.